आबा पुस्तक निवडतात

माझ्या चुलत सासऱ्यांइतका कौतुकाचा कंजूष माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. जळगावच्या जिनिंगांमध्ये कापसाचे ग्रेडर म्हणून त्यांनी चाळीस हंगाम काढले. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की आबांनी पुढं व्हायचं, ढिगात हात खुपसून एक पुंजका बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो ओढायचा, धाग्याची लांबी नुसत्या डोळ्यांनी मोजायची, एक सरकी दाताखाली फोडून ओल बघायची आणि मालाची प्रत सांगायची. एवढं सगळं करताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही. कारण ग्रेडरला माल आवडला असं एकदा दिसलं की विकणारा लगेच ताठ होतो. माल कितीही चांगला असो, मालासमोर त्याला चांगला म्हणायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. आबांनी तो इतका नीट गिरवला की संध्याकाळी सायकलवरून घरी येताना ते तो सोबत घेऊन यायचे, आणि दाराशी चपला काढल्या तरी धडा काही अंगावरून उतरायचा नाही.

त्यांच्या शब्दकोशात सगळ्यात वरची प्रत म्हणजे ‘चालेल’. त्याच्यावर काही नाही. ‘चालेल’च्या खाली ‘बघू’, आणि ‘बघू’च्या खाली नुसता नाकातून सोडलेला श्वास. मला बघायला सासरची मंडळी आली होती, तेव्हा बरोबर आबा होते, कारण माणसांची पारख तेच करतात असं घरात ठरलेलं होतं. मी पोहे ठेवले, खाली बसले. ह्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आपण ताडपत्रीवर ओतलेलो आहोत असं वाटायला लागलं. शिक्षण विचारलं, वाचायची आवड आहे का विचारलं, मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, आणि उठताना माझ्या वडिलांना एवढंच म्हणाले, ‘‘चालेल.’’ माझ्या वडिलांनी आठ दिवस धड जेवण केलं नाही. लेकीत काय कमी दिसलं असेल, ह्याचा ते विचार करत बसले. पुढं लग्न झाल्यावर मला कळलं की त्या दिवशी घरी परतताना आबांनी एरंडोलपर्यंत सगळ्या गाडीला माझंच कौतुक ऐकवलं होतं. पण ते गाडीत. माझ्यासमोर नाही.

सेवानिवृत्तीनंतर कापूस सुटला, हात सुटला नाही. कुणाच्या घरी गेले की आधी गादी दाबून बघणार, उशीच्या शिवणीतून कापूस डोकावत असला तर चिमटीत धरून ओढणार आणि ‘फरदड शे’ असा निकाल देणार. म्हणजे हा हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर राहिलेला कमी प्रतीचा कापूस आहे. यजमानांनी गादी तीस वर्षांपूर्वी लग्नात मिळालेली आहे असं सांगितलं तरी निकाल बदलत नाही. मध्यंतरी त्यांना इंजेक्शन घ्यायचं होतं, तर नर्सबाईंच्या हातातला कापसाचा बोळा त्यांनी आपल्या हातात घेतला, ओढून पाहिला, धागा आखूड म्हणून परत दिला आणि मग दंड पुढं केला. बाई बिचाऱ्या बोळा घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. लग्नात जेवायला बसले की लाडू परातीच्या तळातला मागणार. वरचा माल नेहमी चांगलाच भरलेला असतो, खरी गोष्ट खाली असते, ह्यावर त्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसेल. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात. माणसं वाचायची रीतही तीच. कुणी फार गोड बोलायला लागलं की आबा मान तिरपी करून ऐकतात, आणि त्यांच्या मनात हात खुपसणं चालू असतं.

हसण्यावारी नेता येतं तेवढं मी नेलं. पण आबांना एक मुलगी आहे, आणि तिनं हे सगळं लहानपणी सोसलेलं आहे. माझी चुलत नणंद, मी तिला ताई म्हणते, धुळ्याला शाळेत शिकवते. वर्गात पहिली आली तरी ‘चालेल’, चित्राला बक्षीस मिळालं तरी ‘चालेल’. दिवाळी ते होळी तर आबा घरात नुसते झोपायला असायचे. माझ्या चुलत सासूबाई प्रेमळ होत्या, पण सदा आजारी. घरात दुसरं मूल नाही. ताई संध्याकाळी ओट्यावर बसून सायकलची वाट बघायची, सायकल यायची, आबा उतरायचे, तिच्या डोक्यावरून नजर टाकत आत जायचे. मारलं कधी नाही, रागावले नाहीत, पोटाला कमी पडू दिलं नाही. तक्रार करायला बोट ठेवावं अशी जागाच त्यांनी ठेवली नव्हती.

चार वर्षांपूर्वी ताई मुख्याध्यापिका झाली. शाळेनं सत्कार ठेवला. आबा पांढरं धोतर, पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मी त्यांच्या शेजारी होते. सूत्रसंचालकांना ऐन वेळी उत्साह आला आणि त्यांनी वडिलांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती केली. आबा उठले, पायऱ्या चढले, माईकला आधी बोटानं चाचपलं, समोरच्या भरल्या सभागृहाकडे पाहिलं, मग हार घालून बसलेल्या लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  शेवटी म्हणाले, ‘‘चालेल,’’ आणि खाली उतरले. सभागृहाला वाटलं म्हातारा मोठा विनोदी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताईही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. आबांना सध्या धुळ्याला येऊ देऊ नका म्हणाली. मी समजूत घालायला गेले, म्हटलं, ताई, तुम्हाला तर ठाऊक आहे त्यांच्या चालेलचा अर्थ काय होतो. ती शांतपणे म्हणाली, ‘‘ठाऊक आहे वहिनी. आयुष्यभर मी त्यांचं भाषांतरच करत आले. आता मला कंटाळा आला.’’

त्यानंतर चार वर्षं बापलेक बोलले नाहीत. जळगाव ते धुळे अंतर ते काय? एरंडोल, पारोळा, मुकटी की आलं धुळं. पण आबा धुळ्याच्या गाडीत बसले नाहीत आणि ताई श्रावणात कानबाईला गावी आली नाही. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी माणसांचा हक्काचा सण. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात सगळी भाऊबंदकी त्या दिवशी जमते, लेकीबाळी येतात. चारही वर्षं आबा पारावर बसून शिरपूरच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिले. धुळ्याची गाडी त्या बाजूनं येतच नाही. मुद्दाम उलट्या बाजूला तोंड करून बसायचे, म्हणजे वाट बघतोय असं कुणी म्हणायला नको.

गेल्या आषाढात ताईचा माझ्या फोनवर निरोप आला. आबांना वाचून दाखवा, असं वर लिहिलं होतं. तिनं दोन पुस्तकं सुचवली होती. एक लहानपणीच्या एकटेपणाबद्दलचं. भरल्या घरातसुद्धा मूल एकटं कसं पडतं आणि मोठं झाल्यावर ते एकटेपण अंगात कसं मुरतं, असं काहीतरी. दुसरं, घराण्यातल्या वागण्याच्या सवयींबद्दलचं. आजा जसा वागला तसा बाप वागतो, बाप वागला तसं आपण वागतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खाली लिहिलं होतं, ‘दोन्हींतलं एकच वाचायचं. जे आपल्या घराचं वाटेल ते. कानबाईच्या आधी ते घेऊन या, मग आपण बोलू.’ मी जळगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, हे ताईला ठाऊक होतं. दोन्ही पुस्तकं माझ्याच कपाटात होती. एकाचं वेष्टन निळं, दुसऱ्याचं पिवळं.

दुसऱ्या दिवसापासून आबा वाचनालयात यायला लागले. दहाला दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी मांडून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि तपासणी सुरू. मला वाटलं आठवड्याचं काम आहे. पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने काढल्याशिवाय माल कसा कळणार? तेव्हा ते सुरुवातीचं एक पान वाचायचे, मग बोट घालून मधलं कुठलंतरी, मग शेवटाकडचं, आणि शेवटच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. कागद चिमटीत धरून बघायचे. पहिले आठ दिवस त्यांनी पिवळ्या पुस्तकावर टीका केली. खाण तशी माती, एवढं आपल्या लोकांनी तीन शब्दांत सांगितलेलं आहे, ह्या माणसाला चारशे पानं लागली, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि वर्तमानपत्रं वाचणाऱ्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. सासरा असला तरी वाचनालयात नियम म्हणजे नियम. मी जवळ जाऊन हळू बोलायला सांगितलं. त्यावर त्यांनी आणखी मोठ्यानं ‘बरं बेटा’ म्हटलं.

टीका करत होते, पण पिवळ्या पुस्तकातलं एक पान त्यांना सोडवत नव्हतं. एक दिवस मला बोलावून त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील शेतकरी. कपाशी गुडघ्याच्या वर आली, बोंडं लागली, तरी बांधावर उभं राहून ‘औंदा काही खरं नही’ असंच म्हणायचे. पिकाला नजर लागेल म्हणून. पोरालाही नजर लागेल म्हणून त्याच्या देखत कधी चांगला शब्द काढला नाही. म्हणजे आबांचे वडील नजरेला भ्याले आणि आबा बाजाराला. ताईनं मला एकदा सांगितलं होतं की तिच्या मुलीनं पेटीवर पहिलं गाणं वाजवून दाखवलं तेव्हा तिच्या तोंडून आधी चुकीबद्दलच शब्द निघाला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तेव्हा पिवळं पुस्तक आपल्याच घरावर लिहिलेलं आहे ह्यात मला तरी शंका नव्हती. मी आबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, हे पुस्तक घेऊन गेलो तर तिला वाटेल, बाप सगळं मेलेल्या आज्यावर ढकलायला आला. आणि ते खरं होतं.

मग निळं. निळं पुस्तक त्यांनी दहा-बारा दिवस नुसतं हाताळलं, नमुने काढले, खाली ठेवलं. एका दुपारी मात्र मधलं एक पान काढून ते जे बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच पान, तिसऱ्या दिवशीही तेच. पानाचा कोपरा दुमडलेला मला दिसला. वाचनालयाच्या पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी आजवर माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी माझ्याच्यानं बोलवलं नाही, कारण आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

‘‘बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘हाई पुस्तक तिन्हं नही. हाई मन्हं शे.’’

आणि चाळीस वर्षांच्या संसारात जे बायकोला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी चुलत सुनेला सांगितलं. आठ वर्षांचे असताना त्यांना शिकायला सोनगीरला आत्याकडे ठेवलं. आत्या वाईट नव्हती. वेळेवर जेवायला वाढायची. पण त्या घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. भाकरी हवी का, पाणी भरलं का, ह्याच्यापुढं शब्द नाही. शाळा सुटली की ते किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसायचे, कारण तिथून मुंबई-आग्रा रस्ता दिसायचा आणि त्या रस्त्यानं बाप आलाच तर आधी आपल्याला दिसेल असं वाटायचं. बाप वर्षातून दोनदा यायचा. आला की मास्तरांना भेटायचा, पोराचं ठीक चाललंय ऐकून घ्यायचा आणि पोराला न भेटता परत जायचा, भेटलं तर पोरगं रडेल म्हणून. हे सगळं सांगताना आबांचा आवाज बदलला नव्हता. कुण्या तिसऱ्याच मुलाबद्दल बोलावं तसं सांगत होते.

मी ऐकलं, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मग माझा मूळ स्वभाव जागा झाला. मी म्हटलं, आबा, मग प्रश्नच मिटला. निळं घ्या. ताईला वाटेल तुम्हाला तिचं एकटेपण कळलं, तिला तेवढंच हवंय. तुमचंही समाधान, तिचंही. आबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, म्हणजे वर एक माल दाखवायचा आणि खाली दुसरा भरायचा. चाळीस वर्षं जे केलं म्हणून लोकांच्या गाड्या परत पाठवल्या, ते आता लेकीशी करायचं. मी चिडले. माणसाचं नातं आणि कापसाची गाडी ह्यात फरक असतो एवढं मी त्यांना बोलून दाखवलं, सून म्हणून बोलायला नको होतं तरी. कानबाईला दोन रविवार राहिले होते. मी निळं पुस्तक त्यांच्या नावावर चढवलं आणि त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांनी विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, सोबत चल.

त्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं निघालो. आबांनी पिशवी मांडीवर धरली होती. पारोळ्याला मी चहाला उतरले, ते उतरले नाहीत. धुळ्याला देवपुरात ताईचं घर. दार तिनंच उघडलं. चार वर्षांत तिचे केस बरेच पिकले होते. आबांना ते दिसलं असावं, कारण ते उंबऱ्यातच थबकले. ताईनं वाकून नमस्कार केला, बसा म्हटलं, पाणी आणलं. आबांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

निळं वेष्टन बघताच ताईचा चेहरा असा काही सैल झाला की मी मनातल्या मनात गणपतीचे आभार मानले. ती खुर्चीवर बसली. पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, ‘‘आबा, मला वाटलं होतं तुम्ही दुसरं आणाल. तुम्हाला कळलं तर.’’

मी आबांकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, आता गप्प बसा. ह्या घडीला तोंड उघडू नका. ते माझ्याकडे बघत नव्हते.

‘‘बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘तुन्हा गैरसमज व्हई, म्हनीसन सांगस. हाई पुस्तक मी वाचं. पन तुन्हं म्हनीसन नही वाचं. मन्हं म्हनीसन वाचं. तुन्हा पाव्हतर मी अजून गयाच नही.’’

तिच्यापर्यंत आपण अजून पोचलोच नाही, हे ते तिच्या तोंडावर सांगत होते. ताईनं पुस्तकावरचा हात काढून घेतला. माझ्या मनात आलं, एवढं चांगलं जमत आलेलं ह्या माणसानं स्वतःच्या हातानं मोडलं, आणि मला त्यांचा इतका राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. मग ताई बोलली.

‘‘मग माझं कोण वाचणार, आबा?’’

  ताईनं चहा केला, जेवण केलं, मठाची उसळ आणि भाकरी. नातीनं आजोबांना पेटी वाजवून दाखवली. आबा मान हलवत ऐकत होते आणि त्यांचे ओठ दोनदा उघडले न् मिटले. निघताना पुस्तक टेबलावरच राहिलं. ताई घेऊ का म्हणाली नाही, आबा ठेव म्हणाले नाहीत. परतीच्या गाडीत मुकटीच्या पुढं त्यांनी मला विचारलं, मी चुकलो का. मी म्हटलं, हो, चुकलात. गप्प बसला असता तर आज लेक परत मिळाली असती. ते म्हणाले, ती निळ्या पुस्तकाला मिळाली असती, मला नसती. 

कानबाईला ताई आली नाही. आबा पारावर बसले. ह्या वर्षी धुळ्याच्या बाजूला तोंड करून बसले होते, सगळ्या गावाला दिसेल असं. आमचे हे मला म्हणाले, तू मध्ये पडायला नको होतंस. मला ते पटलं आणि झोंबलंही. श्रावण गेला, गौरीगणपती झाले. आबा वाचनालयात येत होते, पिवळं पुस्तक घेऊन बसत होते, पण आता नमुने काढत नव्हते. पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं वाचत होते. दिवसाला चार पानं व्हायची. त्यांची प्रकृतीही उतरली होती. धोतराची गाठ पुन्हापुन्हा बांधावी लागायची.

भाद्रपदातल्या एका दुपारी वाचनकक्षात त्यांच्या बटणांच्या फोनची घंटा वाजली. कर्कश्श. सगळ्यांनी मान वर केली. नियमानं मी त्यांना बाहेर पाठवायला हवं होतं, तशी मी उठलेही होते. आबांनी फोन कानाला लावला आणि पलीकडून काय विचारलं गेलं ते मला त्यांच्या उत्तरावरून कळलं.

‘‘सहा वरीस,’’ ते म्हणाले. ‘‘सोनगीरले सहा वरीस व्हतू.’’

ताई फोनवर होती, आणि तुम्ही असे एकटे किती वर्षं होतात असं विचारत होती. तिनं निळं पुस्तक वाचलं होतं, दुमडलेलं पान तिला सापडलं होतं, हे मला नंतर समजलं. आबा बोलत राहिले. त्यांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळ्या वाचनकक्षानं ऐकलं. आत्याचं घर, भाकरी, किल्ल्याचा पायथा, मास्तरांना भेटून परत जाणारा बाप. वर्तमानपत्रवाल्या मंडळींनी वर्तमानपत्रं खाली ठेवली होती, पानं उलटायचा आवाज बंद झाला होता. मी दारात उभी होते, कुणी आत आलं तर थांबवायला. आबांनी सगळं सांगितलं, रडण्याच्या जागी थांबले, पुन्हा सांगितलं. मग पलीकडून ताई काहीतरी म्हणाली असावी.  ते खुर्चीत जरा सरसावून बसले, फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला, तो कान त्यांचा जास्त चांगला आहे.

‘‘व्हयनं मन्हं,’’ ते म्हणाले. ‘‘आते तुन्हं सांग.’’

आपलं सांगून झालं, आता तुझं सांग, असं म्हणून ते ऐकायला लागले. मध्ये एकदाही बोलले नाहीत. हं नाही, बरं नाही, काही नाही. चेहऱ्याचं म्हणाल तर चाळीस हंगामांत जो हलला नाही तो सगळ्यांसमोर हलत होता, आणि त्याचं त्यांना भान नव्हतं. ओट्यावर बसलेल्या मुलीला सांगायला पन्नास वर्षांचं होतं, एका दुपारी संपणारं नव्हतं. वाचनालय बंद करायची वेळ झाली, माणसं पावलं न वाजवता निघून गेली. आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हे सगळं फार उशिरा झालं, ते मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं, आणि वाईट वाटायचं ते वाटतंच. मी खिडक्या लावून घेतल्या, त्यांच्या डोक्यावरचा एक दिवा तेवढा ठेवला आणि किल्ल्या हातात घेऊन बाहेर पायरीवर बसून राहिले.